वांड नाही हो, ब्रेक जरा उशिरा लागतो!

भाच्याला 'वांड' आणि पुतणीला 'वेंधळी' म्हणून मोकळं होण्याआधी जरा थांबा. त्या चुळबुळीला नाव आहे, कारण आहे आणि हो, उपायही आहे. एडीएचडी नावाच्या, चर्चेत खूप पण समजलेल्या कमी अशा प्रकरणाची ही ओळख. ज्यांना मुलं आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांना अजून नुसते भाचे-पुतणे आहेत त्यांच्यासाठीही!

'हुशार आहे हो, पण लक्षच नसतं त्याचं!'

पेरेंट्स मीटिंगला गेलेल्या कुठल्याही आई-बाबांना विचारा, हे वाक्य त्यांनी एकदा तरी ऐकलेलं असतं. बहुतेकांच्या बाबतीत ते तिथेच संपतं. बाईंनी सांगितलं, आईने घरी येऊन झापलं, चार दिवस मन लावून अभ्यास झाला, विषय खलास. पण काही घरांत हे वाक्य दर वर्षी येतं. सीनियर केजीत येतं, दुसरीत येतं, पाचवीतही येतं. सोबत बाकीची यादी असतेच. वही अर्धवट. डबा शाळेत विसरला. महिन्यातली तिसरी पाण्याची बाटली हरवली. मधल्या सुट्टीत मारामारी. बर्थडे पार्टीची आमंत्रणं हळूहळू बंद. आणि रोज संध्याकाळी सात ते नऊ, होमवर्कवरून महाभारत.

आजी म्हणते, 'त्याचा बापही अस्साच होता, होईल मोठेपणी ठीक.' बाबा म्हणतो, 'तुम्ही सगळ्यांनी लाडावून ठेवलाय.' आणि ऑफिसातून येऊन लॅपटॉपची बॅग खांद्यावरून उतरवायच्या आत डायरीतला लाल शेरा वाचणारी आई मनातल्या मनात स्वतःलाच विचारते, 'माझी नोकरीच नडली का?'

उत्तर आधीच सांगून टाकते. नाही. लाडही नाहीत आणि नोकरीही नाही. आजीच्या बोलण्यात मात्र थोडं तथ्य आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

हे प्रकरण आहे तरी काय?

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत याला ढोबळपणे 'अतिचंचलता' म्हणतात, पण त्या शब्दाने अर्धीच गोष्ट कळते. यात तीन धागे असतात. पहिला, लक्ष टिकवता न येणं. दुसरा, अति चुळबुळ. आणि तिसरा, मनात आलं की लगेच करून मोकळं होणं. काही मुलांत पहिला धागा ठळक असतो, काहींत बाकीचे दोन, तर अनेकांत तिन्हींची गुंतवळ.

आता तुम्ही म्हणाल, ही लक्षणं तर प्रत्येक पोरात दिसतात! बरोबर. म्हणूनच डॉक्टरांकडे मोजपट्टी असते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-५ या ग्रंथात (२०१३) लक्ष न टिकण्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. एखाद्या गटातली निदान सहा लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ दिसायला हवीत (वय १७ च्या पुढे पाच पुरतात). ती बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावीत. एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावीत, म्हणजे घरीही आणि शाळेतही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यामुळे मुलाचं रोजचं जगणं अडायला हवं. फक्त गणिताच्या बाईंच्याच तासाला चुळबुळ होत असेल, तर प्रॉब्लेम कदाचित गणिताचा किंवा बाईंचा असेल!

जगभरातले अभ्यास एकत्र केले तर साधारण पाच टक्के मुलांना एडीएचडी असतो असं दिसतं. साठ मुलांच्या वर्गात तिघं. म्हणजे तुमच्याही वर्गात होती. आठवा बघू, रोज वर्गाबाहेर अंगठे धरून उभं कोण असायचं?

'पण कार्टून तर तीन तास बघतो!'

हा प्रत्येक घरातला हुकमी एक्का. कार्टून आणि मोबाइल गेमला लक्ष लागतं आणि पाढे म्हणायला लागत नाही, म्हणजे नाटकंच की!

मजा अशी आहे की नावात 'डेफिसिट' असलं, तरी या मुलांकडे लक्षाचा साठा कमी नसतो. त्याचा नळ त्यांच्या हातात नसतो. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं, आवाज होतो, रंग बदलतात. तिथे लक्ष आपोआप ओढलं जातं. पाढ्यांचं बक्षीस मिळणार ते सहामाहीच्या निकालात. कंटाळवाण्या कामाला स्वतःहून जुंपून घेणं, मध्येच आलेला विचार बाजूला ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं ही मेंदूच्या पुढच्या भागाची मॅनेजरगिरी. तो मॅनेजर या मुलांत जरा उशिरा जॉइन होतो.

हे 'उशिरा' शब्दशः खरं आहे. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं घेऊन तुलना केली. मेंदूचं बाह्यपटल परिपक्व होण्याचा जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसातव्या वर्षी गाठत होती, तो एडीएचडी असलेली मुलं साडेदहाच्या आसपास गाठत होती. वाढीचा क्रम तोच, गाडी मात्र तीन वर्षं लेट. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांचा संयम मागताना त्याच्या मेंदूतली ब्रेकची यंत्रणा अजून सात वर्षांची असू शकते. तो मुद्दाम करत नाही, ते याच अर्थाने.

साखर, टीव्ही की आईची नोकरी?

आता आजीच्या वाक्याकडे येऊ. एडीएचडी घराण्यात चालतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७४ टक्के निघतो, म्हणजे जवळपास उंचीइतका. एकच असं 'खराब' जनुक नसतं, छोटे छोटे परिणाम करणारी पुष्कळ जनुकं असतात. त्याशिवाय वेळेआधी जन्म, जन्मतः खूप कमी वजन, शिशासारख्या विषारी धातूशी संपर्क यांनी धोका वाढतो. अनेकदा मुलाच्या निदानाचे फॉर्म भरता भरता बाबा अचानक गप्प होतो. प्रश्न मुलाबद्दलचे असतात आणि उत्तरं त्याला स्वतःच्या बालपणातून आठवत असतात!

साखर? १९९४ मध्ये दोन मस्त प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात 'साखर खाल्ली की बिथरतात' अशी तक्रार असलेल्या मुलांना आलटून पालटून साखरेचा आणि बिनसाखरेचा आहार काही आठवडे दिला. वागण्यात फरक शून्य. दुसऱ्यात सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं, पण काही आयांना सांगितलं की मुलाने साखर घेतलीय. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला! दात वाचवायला गोड कमी करा, पण एडीएचडीचं खापर श्रीखंडावर फोडू नका.

स्क्रीनने एडीएचडी होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण रात्री उशिरापर्यंत मोबाइल, मग अपुरी झोप, मग दुसऱ्या दिवशी आणखी चिडचिड हे चक्र असलेली लक्षणं नक्की वाढवतं.

आणि हे काही आजकालचं फॅडही नाही बरं का. हाइनरिश हॉफमन या जर्मन डॉक्टरने १८४४ साली आपल्या मुलासाठी लिहिलेल्या गोष्टींच्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत जेवणाच्या टेबलावर एक क्षण शांत न बसणारा 'चुळबुळ्या फिलिप' भेटतो. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. त्या काळी ना कार्टून चॅनेल होते, ना नूडल्स.

शांत बसलेल्या मुलीचं काय?

खिडकीतून बाहेर बघणारी, कुणाला त्रास न देणारी, प्रत्येक प्रश्नाला 'अं? काय?' म्हणणारी मुलगी. ती बाकावरून उड्या मारत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. म्हणून तिला कुणी डॉक्टरकडेही नेत नाही. मुलांमध्ये एडीएचडीचं निदान मुलींपेक्षा बरंच जास्त होतं, त्याचं एक मोठं कारण हेच. 'वेंधळी आहे', 'स्वप्नाळू आहे' यावर विषय संपतो. मग ही मुलगी दुप्पट वेळ बसून, रात्र-रात्र जागून कशीबशी निभावते आणि आठवी-नववीत अभ्यासाचा डोंगर वाढला की कोसळते. तोवर 'मी ढ आहे' हे तिने मनाशी पक्कं केलेलं असतं. लक्षणांपेक्षा हे वाक्य जास्त नुकसान करतं.

तपासणी: स्कॅन नको, गप्पा हव्यात

एडीएचडी रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. एमआरआयवरूनही निदान होत नाही (वरचे स्कॅन संशोधनासाठी होते, गटांची सरासरी काढण्यासाठी). 'ब्रेन मॅपिंग करून पक्कं सांगतो' असं कुणी म्हणालं, तर पाकीट खिशातच राहू द्या. निदान करतात बाल-मानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचं प्रशिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञ, सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ते आई-बाबांशी बोलतात, मुलाशी बोलतात, शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतात. एका दहा मिनिटांच्या भेटीत हे होत नाही आणि होऊही नये.

कारण एडीएचडीसारख्या दिसणाऱ्या गोष्टी खूप आहेत. कमी ऐकू येणं, चष्म्याचा नंबर, अॅनिमिया, थायरॉइड, अॅडेनॉइड वाढल्यामुळे घोरणं आणि तुटक झोप, काही सेकंद 'हरवायला' लावणारा फिट्सचा एक प्रकार, घरातली भांडणं, चिंता. हे सगळं आधी तपासावं लागतं. आणखी एक गंमत म्हणजे वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांना एडीएचडीचं लेबल जास्त वेळा लागतं, असं कॅनडासह अनेक देशांत दिसलंय. तेव्हा अॅडमिशनच्या घाईत पोराला वर्षभर आधी पुढे ढकललं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

'तारे जमीं पर' (२००७) मुळे अनेकांच्या डोक्यात डिस्लेक्सिया आणि एडीएचडीची सरमिसळ झाली आहे. ईशानचा प्रॉब्लेम डिस्लेक्सियाचा होता, अक्षरं वाचण्या-लिहिण्यातला. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पण एकाच मुलात दोन्ही असणं मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून एकाची तपासणी करताना दुसरीची करून घेतलेली बरी.

औषध? बापरे!

इथे बहुतेक आई-बाबांचा चेहरा पडतो. 'एवढ्याशा पोराला मेंदूची गोळी?'

आधी वयाचं गणित. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपचार गोळी नाही, पालकांचं ट्रेनिंग आहे. हो, ट्रेनिंग आपलं! सूचना कशी द्यायची, चांगलं वागणं कसं टिपायचं, कशाकडे दुर्लक्ष करायचं हे काही सेशन्समध्ये शिकवतात. सहाच्या पुढे औषध आणि वर्तनोपचार दोन्ही हातात हात घालून, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

औषधांत एक जुनं नाव मिथाइलफेनिडेट. ते १९४४ मध्ये लिआंड्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञाने तयार केलं आणि बायकोच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून त्याचं 'रिटालिन' हे ब्रँडनेम पडलं. म्हणजे दशकानुदशकं वापरलेलं औषध आहे हे. ते मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांचं काम सुधारतं. मुलाला झोपवत नाही, गप्प करत नाही. त्या उशिरा जॉइन झालेल्या मॅनेजरला तेवढ्यापुरता कामावर बसवतं, इतकंच. साध्या गोळीचा असर साधारण चार तास, लाँग अॅक्टिंगचा आठ ते बारा. दुसरा पर्याय अॅटॉमॉक्सेटिन, जे उत्तेजक गटातलं नाही, पण असर दिसायला काही आठवडे लागतात.

साइड इफेक्ट्स आहेत, लपवायचं कारण नाही. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, कधी डोकं किंवा पोट दुखतं, उंची वाढण्याचा वेग किंचित कमी होऊ शकतो. म्हणून नाश्ता भरपूर, गोळी सकाळी आणि दर काही महिन्यांनी वजन, उंची, नाडी, ब्लडप्रेशरची नोंद. घरात कुणाला हृदयविकार असेल तर आधी सांगायचं. भारतात मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत येतं, त्यामुळे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि कडक नियमांनी मिळतं. ते वाचून घाबरू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये, तोंडाने घेतलेल्या औषधाचं मुलांना व्यसन लागतं असं दिसलेलं नाही. गैरवापर होतो तो दुसऱ्याची गोळी 'परीक्षेपुरती' घेणाऱ्यांकडून.

मग गोळी बेस्ट की थेरपी? अमेरिकेत याच प्रश्नावर ५७९ मुलांचा मोठा अभ्यास झाला, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. चौदा महिन्यांत मुख्य लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. पण दोन्ही एकत्र मिळालेल्या मुलांना कमी डोस पुरला आणि घरातले संबंध, मित्रांशी वागणं यांत जास्त फायदा झाला. तीन वर्षांच्या टप्प्यावर मात्र गटांमधला फरक मिटला होता, कारण अभ्यास संपल्यावर तशी काटेकोर देखरेख राहिली नव्हती. मतलब साफ आहे. हा अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स नाही. चष्म्यासारखं आहे, लावाल तेव्हा स्पष्ट दिसेल आणि नंबर अधूनमधून तपासावा लागेल.

घरी करून बघा

• एका वेळी एकच सूचना. 'आवर, दप्तर भर, दूध पी आणि चप्पल घाल' यातलं फक्त 'चप्पल' पोहोचतं. जवळ जा, नजर मिळवा, एकच वाक्य बोला.
• होमवर्कचे तुकडे पाडा. दहा-पंधरा मिनिटं काम, पाच मिनिटं उड्या. टायमर मुलाच्या हातात द्या.
• कौतुक लगेच आणि नेमकं. 'गुड बॉय' पेक्षा 'आज बोलावल्यावर पहिल्या हाकेला आलास' हे जास्त लक्षात राहतं.
• 'परीक्षेत नंबर आला तर सायकल' हे फार लांबचं बक्षीस. आजचं बक्षीस आजच, छोटं. रोजचा स्टार चार्ट उत्तम.
• किल्ल्या, दप्तर, बूट यांची जागा ठरलेली. यादी भिंतीवर, चित्रांसकट.
• रोज भरपूर खेळ आणि झोपेची ठरलेली वेळ. दोन्हींत सूट नाही.
• शिक्षकांना भेटून पुढचा बाक मागा. फळा पुसायला, वह्या वाटायला यालाच पाठवा. हालचालही होते आणि मानही मिळतो.

टीनएज: सिनेमा तोच, इंटरव्हलनंतरचा

मूल मोठं होतं तशी धावपळ कमी होते, म्हणून घरच्यांना वाटतं, सुटलो. पण आतली बेचैनी राहते. सबमिशन आदल्या रात्री, क्लासला दांडी, वस्तू हरवणं चालू, रागाचा भडका क्षणात. त्यात दहावी-बारावी, जेईई-नीटचं प्रेशर. एडीएचडी असलेल्या तरुण ड्रायव्हरांचे अपघात जास्त होतात, हेही अभ्यासांत वारंवार दिसलंय. तेव्हा अठरा पूर्ण झाली म्हणून बाइकची चावी हातात देण्याआधी उपचार नीट चालू आहेत ना, हे बघाच.

याच वयात पोरं गोळी बंद करतात. मित्रांना कळेल ही भीती, 'मी वेडा आहे का?' हा प्रश्न. इथे जबरदस्ती चालत नाही. डॉक्टरांशी मुलाची स्वतंत्र भेट होऊ द्या, डोसबद्दल त्याचं म्हणणं ऐका. उपचाराच्या निर्णयात त्याची सही हवी, फक्त आई-बाबांची नको. मोबाइलवर कॅलेंडर आणि अलार्म, मोठ्या कामाची आठवड्याची छोटी वाटणी, सोबत बसून अभ्यास करणारा मित्र, या साध्या गोष्टींचाही चांगला उपयोग होतो.

हीरोच हवे असतील तर ऑलिंपिकची २८ पदकं (त्यातली २३ सोन्याची) जिंकणारा मायकेल फेल्प्स आहे. त्याला एडीएचडीचं निदान लहानपणीच झालं होतं. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची वैद्यकीय कागदपत्रं २०१६ मध्ये हॅकर्सनी फोडली, तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं की मला लहानपणापासून एडीएचडी आहे आणि औषध घेण्यात लाज कसली? पण प्रत्येक चुळबुळ्या पोरातून चॅम्पियन निघायलाच हवा, असं नवं ओझं त्याच्यावर टाकू नका. दहावी नीट पार पडणं, दोन जिवाभावाचे मित्र असणं, हेही पदकच आहे.

जायचं कुठे?

खासगी थेरपीची फी दर आठवड्याला परवडणं सोपं नाही, हे मान्य. पण सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३ पासून) तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून मुलांच्या विकासाच्या प्रश्नांवर काम करते, ठाण्यात 'आयपीएच' आहे. फोनवरून सुरुवात करायची असेल तर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६.

शाळेतल्या सवलतींबाबत एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. मुलाला दोन्ही असेल, तर लर्निंग डिसॅबिलिटीची अधिकृत तपासणी दहावीच्या ऐनवेळी न करता आधीच करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

आणि हे सगळं वाचताना 'अरे, हे तर माझंच वर्णन!' असं वाटलं असेल, तर तेही अशक्य नाही. बालपणी सुटलेलं निदान मोठेपणी होतं. अभिनेता फहाद फासिलने २०२४ मध्ये सांगितलं की त्याला ते ४१ व्या वर्षी कळलं. पण त्यासाठी मोबाइलवरची दहा प्रश्नांची टेस्ट पुरत नाही, डॉक्टरच गाठा.

तोवर निदान एवढं करू. पुढच्या वेळी लग्नाच्या हॉलमध्ये एखादं पोर खुर्च्यांवरून उड्या मारताना दिसलं, की त्याच्या आईकडे 'काय संस्कार केलेत' अशा नजरेने बघू नका. तिने ती नजर त्या दिवसात दहा वेळा झेललेली असते. त्यापेक्षा उठा, पोराला घेऊन मांडवाबाहेर चार चकरा मारून या आणि तिला गरम गरम जेवू द्या. उपचारांची सुरुवात अशीही होऊ शकते!